संमतीपत्रावर सही आहे, मग निष्काळजीपणाचा दावा टिकतो का?

दावा_अभ्यासक

एक काल्पनिक प्रकरण मांडतो. उत्तरं नुसत्या तत्त्वाची नकोत, पुरावे आणि पायऱ्यांसकट हवी आहेत.

पित्ताशयात खडे आहेत. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरतं. रुग्ण भरती होतो त्याच सकाळी छापील संमतीपत्रावर सही करतो. पत्रात "सर्व धोके, गुंतागुंती व पर्याय मला समजेल अशा भाषेत सांगण्यात आले आहेत" अशी एक ओळ आहे, पण एकाही धोक्याचं नाव नाही. ऑपरेशनमध्ये मुख्य पित्तनलिकेला इजा होते आणि ती लक्षात यायला चार दिवस लागतात. शेवटी दुसरीकडे मोठं ऑपरेशन करून नलिका आतड्याला जोडावी लागते.

रुग्णालय म्हणतं, ही ज्ञात गुंतागुंत आहे आणि सही आहे, विषय संपला. रुग्ण म्हणतो, असं होऊ शकतं हे मला कुणी सांगितलंच नाही.

सहीने दावा खरंच संपतो का? "सांगितलं नाही" एवढ्यावर तो उभा राहतो का? आणि कागदपत्रांत नेमकं काय शोधायचं?

दिवाणी_वकील

सहीने दावा संपत नाही. सही हा संमतीचा पुरावा आहे, आणि तोही खोडून काढता येण्यासारखा. खरी संमती म्हणजे सहीच्या आधी झालेलं बोलणं. ते बोलणं झालं असावं का, काय झालं असावं, हे ताडायला न्यायालय कागद बघतं. धोक्याचं एकही नाव नसलेला छापील कागद त्या बाबतीत काहीच सांगत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट सुटी करून घ्या. तुम्ही एक प्रकरण म्हणून मांडलंत त्यात तीन दावे आहेत. पहिला संमतीचा: धोका सांगितला नाही. दुसरा कौशल्याचा: नलिकेची इजा टाळता येण्यासारखी होती. तिसरा उशिराचा: इजा झाल्यावर ती ओळखली गेली नाही. प्रत्येकाचा पुरावा वेगळा, तज्ज्ञाला विचारायचे प्रश्न वेगळे, नुकसानही वेगळं. तिन्हींची खिचडी केलेली तक्रार समोरचा वकील सहज फोडतो. संमतीपत्र अगदी चोख असलं तरी ते दुसऱ्या-तिसऱ्या दाव्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण रुग्ण गुंतागुंतीचा धोका पत्करतो, हलगर्जीपणाचा नाही. आणि ऑपरेशन निर्दोष झालं असेल तरी पहिला दावा स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो.

आता "सांगितलं नाही" एवढं पुरतं का? नाही. चार कड्या जोडाव्या लागतात. धोका महत्त्वाचा होता, तो सांगितला गेला नाही, सांगितला असता तर रुग्णाने वेगळा निर्णय घेतला असता, आणि नेमका तोच धोका प्रत्यक्षात उतरून नुकसान झालं. बहुतेक दावे तिसऱ्या कडीवर अडतात. दुसरी सिद्ध करायला लोक सगळी शक्ती खर्च करतात आणि तिसरीबद्दल तक्रारीत एक वाक्यही नसतं.

"महत्त्वाचा धोका" कुणाच्या नजरेने, यावर न्यायालयांचा प्रवास लांबचा आहे. इंग्लंडमध्ये १९५७ च्या बोलॅम कसोटीनुसार जबाबदार डॉक्टरांचा एखादा गट जेवढं सांगेल तेवढं पुरेसं मानलं जाई. अमेरिकेत १९७२ च्या कँटरबरी खटल्याने हे माप रुग्णाच्या हातात दिलं: रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला निर्णय घेताना जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायला हवं. त्या प्रकरणात पाठीच्या ऑपरेशनमधला लकव्याचा १ टक्का धोका सांगितला नव्हता. ऑस्ट्रेलियात १९९२ मध्ये १४,००० पैकी १ इतका लहान धोकासुद्धा महत्त्वाचा ठरला, कारण एक डोळा आधीच जवळजवळ निकामी असलेली रुग्ण चांगल्या डोळ्याला काही होणार नाही ना, हे पुन्हा पुन्हा विचारत होती आणि गेला तो तोच डोळा. आकडा छोटा असला तरी या रुग्णासाठी पणाला काय लागलं होतं, हे बघितलं गेलं. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०१५ च्या माँटगोमेरी निकालाने बोलॅमला या विषयापुरतं बाजूला करून रुग्णाचं माप धरलं. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात मधला मार्ग घेतला: माहिती पुरेशी हवी, पण किती पुरेशी हे ठरवताना वैद्यकीय व्यवहारात रूढ काय आहे त्याला वजन. त्यामुळे कुठल्या देशातलं प्रकरण आहे यावर तज्ज्ञाला काय विचारायचं तेच बदलतं.

जनरल_सर्जन

वरच्या तीन दाव्यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्याबद्दल लिहितो. तिथे सर्जनच्या नजरेने बघावं लागतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मुख्य पित्तनलिकेला इजा साधारण १००० पैकी ३ ते ५ रुग्णांत होते, हा ढोबळ मान्य आकडा. म्हणजे "ज्ञात गुंतागुंत" हे खरंच आहे. पण ज्ञात म्हणजे अटळ नव्हे. सगळ्यात नेहमीचं कारण असं: पित्ताशय वर आणि बाजूला ओढल्यावर पित्ताशयाची छोटी नळी आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात, आणि सर्जन मुख्य नलिकेलाच छोटी नळी समजतो. सूज, जुने चिकटे, अवघड रचना असली की ही गफलत सोपी होते.

यावरचा मान्य उपाय म्हणजे काहीही कापण्यापूर्वी तीन गोष्टी डोळ्यांनी पक्क्या करणं. पित्ताशय, यकृत आणि नलिका यांमधल्या त्रिकोणातली चरबी व तंतू साफ झालेत. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झालाय. पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच रचना दिसतायत, एक नळी आणि एक धमनी. हे दिसत नसेल तर थांबायचं: नलिकेत औषध सोडून एक्स-रे काढायचा, अनुभवी सहकाऱ्याला बोलवायचं, पित्ताशयाचा काही भाग तसाच ठेवून बाहेर पडायचं, किंवा पोट उघडायचं. "पोट उघडावं लागलं" याला लोक अपयश समजतात. खरं तर तो बहुतेक वेळा शहाणपणाचा निर्णय असतो.

म्हणून ऑपरेशन नोटमध्ये मी हे शोधेन: या तीन गोष्टींचा उल्लेख आहे का, फोटो किंवा व्हिडिओ जपलाय का, अडचण आली असं लिहिलंय का आणि आली तर काय बदल केला. "काळजीपूर्वक विच्छेदन करून नळी व धमनी क्लिप केली" एवढंच वाक्य असेल तर त्यातून काहीच कळत नाही. कितीतरी नोट्स एकाच साच्यातून उतरवलेल्या असतात.

आणि उशिराचा दावा. माझ्या मते तुमच्या उदाहरणात सगळ्यात भक्कम दावा हाच ठरेल. या ऑपरेशननंतर रुग्ण दुसऱ्या दिवशी बरा दिसायला लागतो, चालतो, खातो. ज्याचं पोट फुगतंय, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, नाडी १०० च्या वर राहतेय, मळमळ थांबत नाही, ड्रेनमध्ये (पोटातला द्रव बाहेर काढणाऱ्या नळीत) हिरवट पित्त येतंय, त्याला "गॅस आहे, होईल बरं" म्हणणं घातक आहे. तातडीने यकृताच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी, आणि शंका राहिली तर एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेची तपासणी). लवकर कळलेली गळती पुष्कळदा नलिकेत स्टेंट (बारीक कृत्रिम नळी) बसवून आटोक्यात येते. पोटात पित्त साचून जंतुसंसर्ग झाल्यावर तीच इजा दुरुस्त करणं फार अवघड होतं. जे नुकसान केवळ उशिरामुळे वाढलं ते वेगळं काढता येतं, आणि त्याला संमतीपत्राशी काही देणंघेणं नाही.

नोंदी_तपासनीस

कागदपत्रांचं सांगतो.

डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. तो सारांश आहे, आणि सारांश नंतर लिहिला जातो. संपूर्ण केस पेपर मागा: ओपीडीच्या नोंदी, भरतीची नोंद, संमतीपत्राच्या दोन्ही बाजू, भूलपूर्व तपासणी, भुलेचा चार्ट, ऑपरेशन नोट, रोजच्या डॉक्टरांच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, ड्रेनमधून किती आणि कुठल्या रंगाचं आलं त्याची नोंद, औषधांचा तक्ता, सगळे रिपोर्ट, स्कॅनच्या मूळ प्रतिमा सीडीवर, ऑपरेशनचा व्हिडिओ असल्यास तो. मागणी लेखी करा, तारखेसकट, पोच घ्या. भारतात डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी आल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या आहेत आणि भरती रुग्णाच्या नोंदी ३ वर्षं जपायच्या आहेत. अमेरिकेत ३० दिवस, युरोपीय गोपनीयता नियमांत एक महिना. व्हिडिओसाठी पहिल्याच पत्रात "जपून ठेवावा" असं स्पष्ट लिहा. अनेक ठिकाणी जुन्या फिती ठरावीक काळाने पुसल्या जातात.

मग वाचन. नर्सिंग नोट्स सर्वांत आधी वाचा. डॉक्टरांची नोंद "रुग्ण स्थिर" म्हणते तेव्हा नर्सने पहाटे तीनला नाडी ११८ लिहिलेली असते. दोन्ही एका कालपटावर मांडा: तारीख, वेळ, कोणी लिहिलं, काय लिहिलं, त्यावर काय केलं. पाचवा रकाना रिकामा राहतो तिथे तुमचा उशिराचा दावा आहे.

संमतीपत्रात मी हे बघतो. सहीची वेळ लिहिली आहे का, आणि ती गुंगीच्या औषधाआधीची आहे का. ऑपरेशनचं नाव पूर्ण लिहिलंय की आद्याक्षरं. हाताने भरलेला मजकूर सहीच्या शाईशी आणि अक्षराशी जुळतो का, की मोकळ्या जागा नंतर भरल्यासारख्या वाटतात. समजावणाऱ्या डॉक्टरचं नाव आहे का, आणि ऑपरेशन त्यानेच केलं का. साक्षीदार कोण आहे. रुग्णाला न येणाऱ्या भाषेत पत्र असेल तर दुभाष्याची सही आहे का.

संगणकीय नोंदी असतील तर छापील प्रत पुरेशी नाही. कुठली नोंद कोणी, कधी केली आणि नंतर कधी बदलली, याचा लॉग मागा. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी "धोके सविस्तर सांगितले होते" अशी भर पडलेली सापडली, तर ती रुग्णालयाला वाचवण्याऐवजी बुडवते.

दावा_अभ्यासक

तिन्ही उत्तरं फार उपयोगाची. आणखी दोन शंका. रुग्णाऐवजी नवऱ्याने किंवा मुलाने सही केली असेल तर? आणि रुग्णच म्हणाला असेल, "डॉक्टर, मला काही कळत नाही, तुम्हीच ठरवा," तर पुढे तक्रार करता येते का?

भूलतज्ज्ञ

सज्ञान आणि भानावर असलेल्या माणसाची संमती त्याचीच. नवरा, बायको, मुलगा, कुणीही ती देऊ शकत नाही. नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून ठीक, परवानगी म्हणून नाही. कोहली प्रकरण यासाठीच वाचण्यासारखं आहे. संमती फक्त दुर्बिणीतून तपासणीची होती. रुग्ण भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. न्यायालयाने सांगितलं, जीव वाचवायची तातडी नव्हती, रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, त्यामुळे आईची संमती ग्राह्य नाही. तपासणीची परवानगी म्हणजे उपचाराची परवानगी नव्हे. हे तत्त्व नवं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१४ सालीच, फक्त तपासणीला होकार दिलेल्या स्त्रीच्या पोटातली गाठ काढल्याच्या प्रकरणात, सज्ञान व्यक्तीच्या शरीराचं काय करायचं हे तिनेच ठरवायचं, असं न्यायालयाने नोंदवलं आहे.

रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत आहे का, हे चार गोष्टींवर बघतात: माहिती समजते का, निर्णय होईपर्यंत ती लक्षात राहते का, फायदे-तोटे तोलता येतात का, आणि निर्णय कुठल्याही मार्गाने सांगता येतो का. वय जास्त, शिक्षण कमी किंवा मानसिक आजार आहे एवढ्यावरून "याला समजणार नाही" असं धरून चालणं चूक.

वेळेबद्दल आग्रहाने सांगतो. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिल्यावर रुग्ण बोलतो, मान हलवतो, सहीसुद्धा करतो, आणि नंतर त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. औषधाचा परिणामच तो आहे. म्हणून भुलेच्या चार्टवरची पहिल्या औषधाची वेळ आणि सहीची वेळ शेजारी ठेवून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत भूल देण्यापूर्वी ओळख, जागा, ऑपरेशन आणि संमती यांची खातरजमा आहे. ती खातरजमा आहे, समजावण्याची वेळ नव्हे. ठरवून केलेल्या ऑपरेशनचं बोलणं ओपीडीत, काही दिवस आधी व्हायला हवं. तुमच्या उदाहरणात भरतीच्या सकाळी सही झाली. ओपीडीत आधी बोलणं झाल्याची नोंद नसेल तर रुग्णालयाची बाजू इथेच लंगडी आहे. आणि भुलेची संमती वेगळी हवी. सर्जनच्या कागदावरची "व आवश्यक ती भूल" ही ओळ पुरत नाही, कारण त्या धोक्यांबद्दल बोलायचं असतं ते आम्ही.

"तुम्हीच ठरवा" म्हणणाऱ्याला तपशील न ऐकण्याचा हक्क आहे, पण काय केलं जाणार आहे आणि मोठा धोका आहे एवढं तरी सांगावंच लागतं. मग त्याचे शब्द जसेच्या तसे नोंदवायचे. नोंद नसताना "रुग्णालाच ऐकायचं नव्हतं" हा बचाव कुणी सहजी मानत नाही.

जनरल_सर्जन

भूलतज्ज्ञांशी सहमत, फक्त तातडीच्या रुग्णांत इतका वेळ नसतो हे लक्षात ठेवा. पित्ताशय सुजून पू झालेल्या रुग्णाला चार दिवस विचार करायला देता येत नाही. बाकी आमच्याकडे आता छापील पत्रात पंधरा-वीस धोक्यांची यादी असते, पित्तनलिकेच्या इजेसकट. तेवढ्याने "सांगितलं नाही" हा वाद मिटायला हवा.

दिवाणी_वकील

इथे मी असहमत आहे. वीस धोक्यांच्या यादीत नलिकेची इजा "खोकला, जखमेतून स्राव" यांच्या रांगेत सतराव्या क्रमांकावर असेल तर ती सांगितली असं म्हणणं अवघड आहे. माँटगोमेरी निकालात न्यायालयाने नेमकं हेच म्हटलंय: तांत्रिक माहितीचा भडिमार करून कर्तव्य पार पडत नाही, आणि सही मागून घेतल्यानेही नाही. "दुर्मीळ" हा शब्दही टाळा. औषधांच्या युरोपीय माहितीपत्रकांत दुर्मीळ म्हणजे १०,००० पैकी १ ते १० आणि ऐकणाऱ्याला वाटतं कधीच नाही. "१००० ऑपरेशनं झाली तर ३ ते ५ जणांत ही नळी दुखावते, आणि तसं झालं तर दुसरं मोठं ऑपरेशन लागू शकतं" हे कुणालाही कळतं.

पण तातडीचा तुमचा मुद्दा तिसऱ्या कडीशी थेट जोडलेला आहे आणि मूळ प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. पित्ताशय सुजलेलं, ताप, वेदना असतील तर धोका सांगूनही जवळजवळ प्रत्येकजण ऑपरेशनला हो म्हणेल. संमतीचा दावा तिथे पडतो. पण खडे दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडले असतील, त्रास काहीच नसेल, तर चित्र पालटतं. अशा खड्यांचा त्रास दरवर्षी १०० पैकी १ ते ४ जणांनाच सुरू होतो आणि बहुतेकांना नुसतं लक्ष ठेवायचा सल्ला दिला जातो. "काहीही न करणं" हा पर्याय ज्याला सांगितलाच नाही, तो "कळलं असतं तर मी थांबलो असतो" म्हणाला तर ते सहज पटतं. म्हणून पहिला प्रश्न हाच: ऑपरेशन गरजेचं होतं की ऐच्छिक?

तिसरी कडी कशी सिद्ध करायची? रुग्णाचं आजचं म्हणणं पुरत नाही, कारण निकाल कळल्यावर प्रत्येकजण नकोच म्हणेल. त्या काळातले पुरावे शोधा: आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं होतं का, ऑपरेशन पुढे ढकलायला सांगितलं होतं का, काय विचारलं होतं, कुठल्या कामामुळे थांबणं सोयीचं होतं. कधीकधी ही कडी डॉक्टरच्या साक्षीतूनच मिळते. माँटगोमेरीत मधुमेही गरोदर स्त्रीला बाळाचा खांदा अडकण्याचा ९ ते १० टक्के धोका सांगितला नव्हता. सांगितला तर बहुतेक जणी सिझेरियन मागतील, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. तेच रुग्णाच्या बाजूचा पुरावा ठरलं. इंग्लंडमध्ये २००४ च्या एका निकालात तर रुग्णाने ऑपरेशन कधीच केलं नसतं असं नाही, फक्त त्या दिवशी केलं नसतं, एवढंही ३ विरुद्ध २ मतांनी पुरलं. पण तो अपवाद आहे, त्यावर सगळा दावा टेकवू नका. आणि कुठले पर्याय वैद्यकीयदृष्ट्या वाजवी होते हे तिथल्या २०२३ च्या निकालानुसार अजूनही डॉक्टरांच्या मापाने ठरतं. त्या पर्यायांचे धोके सांगण्याचं माप मात्र रुग्णाचं.

पायऱ्यांचा क्रम असा ठेवा. आधी नोंदी, मग कालपट, मग त्याच शाखेतल्या तज्ज्ञाचं मत. तज्ज्ञाला "निष्काळजीपणा झाला का" असं विचारू नका. विचारा: या दिवशी या नोंदी समोर असताना वाजवी सर्जनने काय केलं असतं, ते केलं असतं तर परिणाम किती बदलला असता? मग नोटीस, आणि उत्तर आल्यावर दावा. मुदत पहिल्याच दिवशी तपासा: भारतात ग्राहक आयोगाकडे २ वर्षं, इंग्लंडमध्ये इजा व तिचं कारण कळल्यापासून साधारण ३ वर्षं. फौजदारी तक्रारीने सुरुवात करण्याचा मोह टाळा. भारतात २००५ पासून डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ठळक, घोर निष्काळजीपणा लागतो. तो सिद्ध न झाल्यास दिवाणी दाव्यालाही फटका बसू शकतो.

जनरल_सर्जन

यादीबद्दलचं म्हणणं मान्य. मग केस पेपरमध्ये ओपीडीच्या दिवशी नोंद अशी हवी:

"खडे, सूज नाही, महिन्यात दोनदा दुखणं. पर्याय सांगितले: लक्ष ठेवणं, दुर्बिणीतून ऑपरेशन. नलिकेची इजा १००० पैकी ३ ते ५, झाल्यास दुसरं ऑपरेशन लागू शकतं. रक्तस्राव, पोट उघडावं लागण्याची शक्यता सांगितली. रुग्णाने विचारलं: कामावर कधी जाता येईल, थांबलो तर काय. उत्तरं दिली. स्वतःच्या शब्दांत परत सांगायला लावलं, नलिकेचा धोका बरोबर सांगितला. घरी विचार करून आठवड्याने कळवणार. माहितीपत्रक दिलं."

खाली तारीख, वेळ, स्वतःचं नाव. लिहायला तीन-चार मिनिटं लागतात.

नोंदी_तपासनीस

त्यातली "रुग्णाने विचारलं" ही ओळ कधी गाळू नका. बोलणं खरंच झालं होतं हे मला सगळ्यात आधी तिच्यावरून कळतं. ती ओळ प्रत्येक केस पेपरवर शब्दशः तीच दिसली, तर नोंद साच्यातली आहे हेही तिच्यावरूनच कळतं.